पाण्यांत पडलेला शत्रु



वैर्‍यावर प्रीति करण्याविषयीं आपल्या प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत जी आज्ञा दिली, ती आपणांपैकीं बहुतेकांस तोंडपाठ आहे. शब्बाथशाळेंतील लहान मूलहि ती म्हणून दाखवितें. परंतु उपासना आटोपल्यावर एखादा सरळ मनाचा शेतकरी उपदेशकास बाजूला घेऊन विचारतो, "गुरुजी, हें करावयाचें म्हणजे नक्की काय करावयाचें? ज्यानें माझा बांध कोरला, त्याला मीं शेत सोडून द्यावें काय? ज्यानें माझ्या वडिलांस पाणवठ्यावरून हांकून दिलें, त्याच्या पायां पडावें काय? आणि तसें करावयाचें नसेल, तर मग ही आज्ञा कोणासाठीं आहे?" हा प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. जो उपदेशक त्याला गोड शब्दांनीं वाटेस लावतो, तो त्या मनुष्याचें व शास्त्राचें, दोघांचेंहि नुकसान करतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास दुसर्‍या महायुद्धांतील एका इंग्रज लढाऊ जहाजाची हकीकत फार उपयोगी पडते. समुद्र ज्यांनीं कधीं पाहिला नाहीं अशा वाचकांसहि ती समजेल, कारण तिचें मर्म समुद्रांत नसून मनुष्याच्या अंतःकरणांत आहे.

"एन्काउंटर" हें त्या जहाजाचें नांव. तें डिस्ट्रॉयर जातीचें होतें. मराठींत त्यास विनाशिका म्हणतात. मोठ्या युद्धनौकांपुढें विनाशिका म्हणजे बैलगाडीपुढें घोडा. अंगानें हलकी, पण धांवण्यांत चपळ. शत्रूच्या पाणबुड्या हुडकणें, व्यापारी जहाजांच्या तांड्यावर पहारा ठेवणें, धुराचा पडदा पसरून मोठ्या जहाजांस झांकणें व वेळ आल्यास पुढें धांवून पाण्याखालून टॉर्पेडो सोडणें, हीं तिचीं कामें. एन्काउंटर ही १९३४ सालीं इंग्लंडच्या उत्तरेस टाइन नदीवर पाण्यांत उतरली. तिची लांबी ३२९ फूट, तिच्यावर चार मोठ्या तोफा, वेग ताशीं ३५ सागरी मैल, आणि खलाशी सुमारें दीडशें. १९३९ सालीं युद्ध सुरू झाल्यावर तिनें प्रथम उत्तरेकडील थंड समुद्रांत व नंतर भूमध्य समुद्रांत काम केलें. माल्टा बेटाकडे अन्न व दारूगोळा नेणार्‍या तांड्यांस तिनें सोबत केली. १९४१ च्या अखेरीस तिला पूर्वेकडे धाडण्यांत आलें.

पूर्वेकडे तेव्हां संकटावर संकट येत होतें. १९४१ च्या डिसेंबरच्या १० तारखेस "प्रिन्स ऑफ वेल्स" व "रिपल्स" हीं इंग्रजांचीं दोन बलाढ्य जहाजें जपानी विमानांनीं मलायाच्या किनार्‍यानजीक बुडविलीं. एन्काउंटर दुरुस्तीसाठीं बंदरांत असल्यामुळें त्या वेळीं त्यांच्याबरोबर नव्हती. १९४२ च्या फेब्रुवारींत सिंगापूर पडलें. मग जावा बेट वांचविण्यासाठीं इंग्रज, डच, अमेरिकन व ऑस्ट्रेलियन जहाजें एकत्र करून डच सेनापति डोरमन यांच्या हाताखालीं देण्यांत आलीं. २७ फेब्रुवारीस जावाच्या समुद्रांत लढाई झाली. तींत दोस्तांचा पुरा मोड झाला व स्वतः डोरमन आपल्या जहाजासह बुडाले.

त्या रात्रीची एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. "कोर्टनार" नांवाची डच विनाशिका त्या दिवशीं फुटून बुडाली होती, व तिचे खलाशी अंधारांत लाटांवर तरंगत होते. एन्काउंटरनें थांबून त्यांतील ११३ माणसें वर घेतलीं व सुराबाया बंदरांत सुखरूप पोंहोंचविलीं. बुडत्याला वर ओढण्याचें काम एन्काउंटरनें आधीं स्वतः केलें होतें. पण तीं माणसें आपल्या पक्षाचीं होतीं. आपल्या माणसांस कोण वांचवीत नाहीं? जकातदारहि आपल्या मित्रांवर प्रीति करतात, असें प्रभूनें त्याच प्रवचनांत दाखवून दिलें आहे.

दुसर्‍या दिवशीं सायंकाळीं एन्काउंटर सुराबायाहून निघाली. तिच्याबरोबर "एक्झिटर" ही जखमी इंग्रज क्रूझर व "पोप" ही अमेरिकन विनाशिका होती. लंकेपर्यंत निसटून जावें असा बेत होता. १ मार्च रोजीं सकाळीं जपानी क्रूझरांनीं त्यांना दोन्ही बाजूंनीं गांठलें. एक्झिटरला झांकण्यासाठीं दोन्ही विनाशिकांनीं धूर पसरला, टॉर्पेडो सोडले, तोफा चालविल्या. परंतु बळ फारच विषम होतें. दुपारच्या सुमारास आधीं एक्झिटर व पाठोपाठ एन्काउंटर बुडाली, आणि थोड्या वेळानें पोपचीहि तीच गत झाली. कप्तानाच्या हुकुमावरून एन्काउंटरचे लोक पाण्यांत उतरले होते. जहाजाचें जळाऊ तेल समुद्रावर पसरलें होतें. तें डोळ्यांत जाऊन कित्येकांस दिसेनासें झालें. पोटांत जाऊन ओकार्‍या झाल्या. तो दिवस गेला, रात्र गेली. वर आकाश, खालीं खोल पाणी आणि कोठेंहि किनारा नाहीं, अशा स्थितींत त्या माणसांनीं वीस तासांच्यावर काढले.

२ मार्चच्या सकाळीं एक जहाज दिसूं लागलें. जवळ आल्यावर कळलें कीं, तें जपानी आहे. पाण्यांतील माणसांपैकीं सॅम फॉल नांवाचा एक तरुण अधिकारी पुढें पुष्कळ वर्षें जगला. तो इंग्लंडचा वकील म्हणून अनेक देशांत राहिला व त्याला सर ही पदवी मिळाली. त्यानें पुढें सांगितलें कीं, आतां आपणांवर गोळ्या झाडल्या जाणार अशीच आमची सर्वांची खात्री होती.

तें जहाज म्हणजे "इकाझुची" नांवाची जपानी विनाशिका होय. तिचा कप्तान शुन्साकु कुदो. त्यानें पाण्यांतील माणसें पाहिलीं, आणि बुडणार्‍यांस वांचविण्याचें काम चालू आहे असें दाखविणारें निशाण चढविण्याचा हुकूम दिला. जहाज थांबलें. दोर व शिड्या खालीं सोडल्या. ज्यांच्या हातांत दोर धरण्याचेंहि त्राण उरलें नव्हतें, त्यांच्यासाठीं जपानी खलाशांनीं स्वतः पाण्यांत उड्या घातल्या. वर घेतल्यावर त्यांचें अंग पुसून तेल काढलें, त्यांना कपडे दिले, पाणी, दूध व बिस्किटें दिलीं. त्यानंतर कुदोनें इंग्रज अधिकार्‍यांस समोर बोलावून सलाम केला. तुम्ही शौर्यानें लढलांत, आतां तुम्ही आमच्या आरमाराचे पाहुणे आहां, अशा आशयाचें भाषण त्यानें इंग्रजींत केलें. सर्व मिळून ४४२ माणसें त्या दिवशीं वर काढलीं गेलीं. इकाझुचीवरील स्वतःचे लोक सुमारें २२० होते. म्हणजे यजमानांच्या दुप्पट पाहुणे. दुसर्‍या दिवशीं त्या सर्वांस एका धरलेल्या डच इस्पितळी जहाजाच्या स्वाधीन करण्यांत आलें.

हकीकत इतकीच. आतां तिच्याविषयीं ज्या शंका मनांत येतात त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिली शंका अशी कीं, कुदोला आपल्या लोकांचा जीव धोक्यांत घालण्याचा अधिकार होता काय? त्या समुद्रांत दोस्तांच्या पाणबुड्या फिरत होत्या. थांबलेलें जहाज म्हणजे पाणबुडीला आयतें लक्ष्य. एक टॉर्पेडो लागला असता तर २२० जपानी घरांत रडणें झालें असतें, आणि तेंहि शत्रूंसाठीं. ही शंका हलकी नव्हे. दया करणाराची दया पुष्कळ वेळां दुसर्‍याच्या खर्चानें होते, आणि असें दातृत्व खोटें असतें. परंतु येथें दोन गोष्टी पाहाव्या. जो धोका कुदोनें आपल्या खलाशांवर घातला तोच त्यानें स्वतःवरहि घातला. तो किनार्‍यावर बसून हुकूम करीत नव्हता. शिवाय, पुढार्‍यानें आपल्या माणसांचें केवळ शरीर सांभाळावयाचें असतें असें नाहीं. समोर चारशें माणसें मरत असतां तोंड फिरवून निघून गेलेले खलाशी जिवंत घरीं गेले असते खरे. पण तें दृश्य जन्मभर त्यांच्या डोळ्यांपुढें राहिलें असतें. कप्तानानें त्यांचे हात चांगल्या कामास लावले, व त्यांनीं उड्या घालून दाखविलें कीं, हें काम त्यांच्यावर नुसतें लादलेलें नव्हतें.

दुसरी शंका याहून कठीण आहे. ज्या राष्ट्राच्या कप्तानानें ही दया केली, त्याच राष्ट्राच्या छावण्यांत याच माणसांनीं पुढें साडेतीन वर्षें काढलीं. सेलेबीस बेटावरील मकासर येथील बंदिवासांत उपासमार, मार व रोग यांनीं पुष्कळ मेले. आणखी पाहा. १९४४ च्या मार्चमध्यें हिंदी महासागरांत "टोने" या जपानी क्रूझरनें "बेहार" हें इंग्रज व्यापारी जहाज बुडविलें. त्यावर आपल्या देशाचेहि खलाशी होते. त्यांना पाण्यांतून वर काढलें, परंतु कांहीं दिवसांनीं त्या कैद्यांपैकीं साठांहून अधिक निःशस्त्र माणसें ठार केलीं. क्रूझरच्या कप्तानानें त्यांच्या जिवासाठीं वरिष्ठांकडे रदबदली केली होती. ती नाकारली गेली, आणि मग हुकूम बजावण्यांत आला. युद्धानंतर न्यायालयानें हुकूम देणार्‍या सेनापतीस फांशी दिली व कप्तानास कैदेची शिक्षा केली. तेव्हां कोणी विचारील, अशा राष्ट्रांतल्या एका कुदोची गोष्ट सांगून काय साधतें? एका दिव्यानें अमावास्येची पौर्णिमा होते काय?

होत नाहीं. मकासरचें दुःख कुदोच्या दयेनें पुसलें जात नाहीं, आणि तसें म्हणणें हें मेलेल्यांशीं बेइमानी करणें होय. परंतु या दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या असतां एक सत्य उघडें पडतें. दोन्ही जहाजांवर निशाण एकच, बादशहा एकच, शिक्षण एकच आणि युद्धहि एकच. तरी एका ठिकाणीं माणसें जगलीं, दुसर्‍या ठिकाणीं मारलीं गेलीं. तेव्हां "आमची जातच अशी," "आमचा काळच असा," "वरून हुकूम आला, मीं काय करूं," हीं कारणें देवापुढें टिकणार नाहींत. देव राष्ट्राराष्ट्रांचा न्याय करील, परंतु मनुष्याला तो त्याच्या स्वतःच्या नांवानें हांक मारील. आणि हाच नियम उलटहि लागू आहे: एखाद्या जातीच्या दहा माणसांनीं आपणांस छळलें म्हणून अकरावा तसाच असेल असें धरून चालण्याचा अधिकार आपणांस नाहीं. पाण्यांतील इंग्रजांनीं जपानी निशाण पाहून मरणाची वाट पाहिली, आणि त्यांना दोर मिळाला.

तिसरी शंका ख्रिस्ती मनुष्याची आहे, व ती आपल्याच घरची आहे. कुदोची कबर एका बौद्ध मंदिराच्या आवारांत आहे. तर मग प्रभूची आज्ञा अशा मनुष्यानें पाळावी, आणि ज्या युरोपानें तिच्या नांवानें देवळें बांधलीं त्यानें आपसांत दोन महायुद्धें करावीं, हें कसें? यावर कांहीं जण म्हणतील, कुदोचें कृत्य प्रीतीचें नव्हतें, तें योद्ध्याच्या अब्रूचें होतें. असेल. सांगतात कीं, लहानपणीं त्याच्या आजीआजोबांनीं त्याला सेनापति कामिमुरा यांची गोष्ट सांगितली होती. १९०४ सालीं रशियाशीं युद्ध चाललें असतां रशियन क्रूझरांनीं जपानी सैनिकांनीं भरलेलें जहाज बुडविलें. त्यांना कामिमुरा अडवूं शकला नाहीं म्हणून संतापलेल्या जपानी लोकांनीं त्याच्या घरावर दगड फेंकले. थोड्याच महिन्यांत त्यांतील "रुरिक" नांवाचें जहाज त्याच्या हातीं सांपडलें व बुडालें. सूड घेण्यास याहून चांगली संधि कोणती? परंतु त्यानें त्याचे सहाशेंहून अधिक खलाशी पाण्यांतून बाहेर काढले. ती गोष्ट एका खेड्यांतल्या मुलाच्या कानांत पडली, व अडतीस वर्षांनीं जावाच्या समुद्रांत तिला पुन्हां फळ आलें. आईबापांनो, आजीआजोबांनो, आपण रात्रीं मुलांस कोणत्या गोष्टी सांगतों? बापाचा सूड मुलानें कसा घेतला याच्या, कीं घेण्याजोगा सूड कोणी कसा सोडला याच्या?

पण शंकेचें उत्तर राहिलें. प्रभूला जेव्हां शेजारी कोण हें शिकवावयाचें होतें, तेव्हां त्यानें याजक व लेवी यांना रस्त्याच्या पलीकडल्या बाजूनें जावयास लावलें, आणि तेल व द्राक्षारस शोमरोन्याच्या हातीं दिला. ऐकणारे यहूदी होते. त्यांना तें किती झोंबलें असेल! येशूनें शोमरोन्याचें मत बरोबर असें म्हटलें नाहीं. योहानाच्या चौथ्या अध्यायांत तो शोमरोनी बाईस तारण कोठून आहे तें स्पष्ट सांगतो. परंतु दया कोणीहि केली तरी ती दयाच होय, आणि ती परक्यानें केली असतां घरच्यानें लाजून उठावें, हा त्या दाखल्याचा अर्थ आहे. बाप्तिस्मा हें आपल्या दाखल्यावरील नांव आहे. परीक्षा अजून व्हावयाची आहे. आणि ज्यांनीं तारणारा ओळखला आहे त्यांच्याकडून अधिक मागितलें जाईल, कमी नव्हे.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. वैर्‍यावर प्रीति म्हणजे नक्की काय? पहिल्यानें हें पाहा कीं, कुदो लढाईचें काम टाकून बसला नव्हता. तो आपल्या पक्षाच्या बाजूनें त्या युद्धांत उतरलेला अधिकारी होता, व वर काढलेल्या माणसांना त्यानें मोकळें सोडलें नाहीं. ते कैदीच राहिले. त्या युद्धांत कोणाची बाजू न्यायाची होती हा निराळा प्रश्न आहे, आणि जपानच्या चढाईचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु एवढें दिसतें कीं, झगडा व द्वेष या एक वस्तु नव्हेत. जोंवर समोर तोफ होती तोंवर ती शत्रूची तोफ होती. तोफ बुडाली, आणि पाण्यावर राहिला तो केवळ मनुष्य. देवाच्या प्रतिरूपानें उत्पन्न केलेला, तहानेनें व्याकूळ झालेला, आईचा मुलगा. द्वेषाला हा फरक दिसत नाहीं. प्रीतीला तो दिसतो.

जुन्या करारांत हेंच आहे. राजांच्या दुसर्‍या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायांत अरामी सैन्य आंधळें होऊन शोमरोनाच्या मध्यभागीं सांपडतें. इस्राएलाचा राजा उतावीळ होऊन विचारतो कीं, यांना मारूं काय. अलीशा म्हणतो कीं, मारूं नको, त्यांच्यापुढें भाकर व पाणी ठेव. तेल डोळ्यांत जाऊन आंधळे झालेले खलाशी व त्यांच्यापुढें ठेवलेलीं बिस्किटें यांचा विचार करतांना आम्हांस हा अध्याय आठवल्यावांचून राहत नाहीं. आणि मोशेचें नियमशास्त्र तर आपल्या गोठ्यापर्यंत येतें: वैर्‍याचा बैल चुकून भटकत असेल तर तो त्याच्या घरीं पोंहोंचवावा; त्याचें गाढव ओझ्याखालीं पडलें असेल तर हात लावावा. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायांत हें वाचावें.

तेव्हां त्या शेतकर्‍यास उत्तर असें. बांधाचा दावा चालवावयाचा असेल तर चालव. कागद दाखव, मोजणी आण, खरी साक्ष दे. अन्याय गिळून गप्प बसणें म्हणजे प्रीति नव्हे. पाणवठ्यावर आपल्या वाडवडिलांस जो अपमान सोसावा लागला तो देवाच्या दृष्टीनें पाप होता, आणि त्याला पाप म्हणण्यास भिऊं नये. परंतु ज्या दिवशीं त्याच प्रतिवादीच्या गंजीला आग लागेल, त्याचा बैल विहिरींत पडेल, त्याच्या लेकराला रात्रीं साप चावेल व गाडी तुझ्याच दारांत असेल, त्या दिवशीं न्यायालयांतला कागद घरांत ठेव आणि दोर घेऊन बाहेर पड. दावा पुढल्या तारखेला चालेल. बुडणारा थांबणार नाहीं. आणि त्याला वांचविल्यावर दावा सोडण्याची अट त्याजवर घालूं नको, नाहीं तर तो दोर नव्हे, फांस झाला.

मंडळीच्या पंचांसहि येथें शिकण्यासारखें आहे. एखाद्या बंधूस शिस्तीसाठीं मंडळीबाहेर ठेवलें, तर त्याच्या आजारांतहि कोणी त्याच्या उंबर्‍यापाशीं जात नाहीं, असें कोठें कोठें घडतें. शिस्त ही तोफेसारखी आहे. ती पापावर धरावयाची. पाण्यांत पडलेल्या मनुष्यावर धरावयाची नाहीं.

कुदोचें पुढें काय झालें तें सांगून हा लेख संपवितों. त्याची बदली दुसर्‍या जहाजावर झाली, व १९४४ च्या एप्रिलांत इकाझुची एका अमेरिकन पाणबुडीच्या टॉर्पेडोनें बुडाली. ज्यांनीं शत्रूंसाठीं उड्या घातल्या त्यांपैकीं जे जे तिच्यावर होते, त्यांतील एकहि वांचला नाहीं. दयेचें बक्षीस याच जगांत रोख मिळतें असा उपदेश कोणी करूं नये. तो शास्त्राचा उपदेश नव्हे. कुदो युद्धानंतर साधेपणानें राहिला व १९७९ सालीं वारला. जावाच्या समुद्रांत आपण काय केलें हें त्यानें घरच्यांसहि सांगितलें नव्हतें. उजवा हात काय करतो तें डाव्यास कळूं नये, हें शिक्षण कोठें तरी त्याच्या मनांत उतरलें होतें. तें जगास कळलें तें ज्याला दोर मिळाला त्याच्या तोंडून. सॅम फॉलनें तें पुस्तकांत लिहिलें, आणि २००८ सालीं, वयाच्या नव्वदीस टेंकला असतां, जपानांत जाऊन त्या कबरेपुढें तो उभा राहिला. सूड घेतलेल्या कोणाच्या कबरेपाशीं त्याचा शत्रु सहासष्ट वर्षांनीं फुलें घेऊन जातो काय?

एन्काउंटरचा सांगाडा २००७ सालीं समुद्राच्या तळाशीं सांपडला. १९४२ पासून तो तेथें पडून होता. पुढें १९१६ च्या नव्हे, तर आपल्या या शतकांतल्या २०१६ सालीं पाहणी झाली तेव्हां तो जवळजवळ नाहींसा झालेला आढळला. लोखंडासाठीं चोरांनीं तो उचलून नेला होता. जेथें गंज लागतो व चोर फोडतात अशा ठेव्याविषयीं प्रभूनें आपणांस सांगूनच ठेवलें आहे. जहाज गेलें, तोफा गेल्या. ४४२ माणसांपुढें सोडलेला दोर मात्र कोणा चोराच्या हातीं लागणार नाहीं.

बंधूंनो, या आठवड्यांत आपल्या गांवांत कोण पाण्यांत पडला आहे, इकडे लक्ष असूं द्या. तो आपल्या पक्षाचा असेल तर त्याला वर घेणें सोपें आहे. तो आपल्या पक्षाचा नसेल, तर समजा कीं, प्रभूनें आपल्याच हातीं दोर दिला आहे.